‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी खरी की खोटी, हे नाशकात ठरवायचं कोणी?

गोदाकाठचा

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच.

बाजारात गेलं की हल्ली एक नवी पिशवी हातात पडते. फिकट हिरवी, वर पानाचं चित्र, खाली बारीक इंग्रजी अक्षरांत ‘बायोडिग्रेडेबल’ नाहीतर ‘इको फ्रेंडली’. परवा गणेशवाडीत हार घेतला तेव्हा अशीच मिळाली. घरी आणून खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली. उत्पादकाचं नाव नाही, प्रमाणपत्र क्रमांक नाही, जाडी किती तेही नाही. बोटांनी ताणली तर साध्या पॉलिथिनसारखीच लांबली. फुलवाल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "ही चालते म्हणून सांगितलंय दुकानदारानं. हिरवी आहे ना, दंड नाही हिला." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना जे सांगून माल विकला गेला, तेच त्यांनी मला सांगितलं.

कायदा मला समजला तो असा. केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कंपोस्टेबल, म्हणजे खताच्या ढिगात कुजणाऱ्या, प्लास्टिकची पिशवी विकायची असेल तर उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं म्हणजे सीपीसीबीचं प्रमाणपत्र घ्यायला हवं आणि त्याचा क्रमांक पिशवीवर छापायला हवा. मार्च २०२४ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी वाढवल्या. कंपोस्टेबल वस्तूवर ती केवळ औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच, म्हणजे मोठ्या खत प्रकल्पातल्या गरम ढिगातच, कुजते हे लिहायचं. आणि बायोडिग्रेडेबल म्हणवणाऱ्या वस्तूवर किती दिवसांत व कुठल्या वातावरणात, म्हणजे मातीत, गोड्या पाण्यात की समुद्रात, विघटन होणार हे लिहायचं.

थोडक्यात, नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहून भागत नाही. तरीही बाजारात दिसतं ते नुसतंच.

मला पडलेला प्रश्न महापालिकेच्या बाजूचा आहे. दिल्लीत नियम झाला, राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पण भद्रकालीतल्या गाड्यावर पिशवी उचलून बघणार तो विभागीय कार्यालयाचा माणूस. तीच पिशवी घंटागाडीत पडल्यावर तिचं काय करायचं, तेही महापालिकेनेच बघायचं. या लेबलाबद्दल स्थानिक स्वराज्य संस्थेचं म्हणणं काय, हे कुणी विचारलंय का? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक राज होतं. महासभाच नाही म्हटल्यावर असे विषय सभागृहात येणार कुठून? आणि आता सिंहस्थ कुंभमेळा. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या गर्दीत प्रसाद, फुलं, जेवण कशातून वाटलं जाणार याचा माल आधीच खरेदी होतो. म्हणून बोलायची वेळ ही आहे.

जाणकारांनी लिहावं. विशेषतः या कामात हात घातलेल्यांनी.


सातपूरकर

महत्त्वाचा धागा. वाचतोय. आमच्याकडे अशोकनगरच्या भाजीबाजारातही हाच हिरवा माल दिसतो.


पॅकिंगवाला

माझा पॅकिंग मटेरियलचा घाऊक धंदा आहे, त्यामुळे दुकानदाराची बाजू मांडतो.

आमच्याकडे दोन प्रकारचा माल येतो. एक खरा कंपोस्टेबल. त्याच्या गठ्ठ्यावर कंपनीचं नाव, सीपीसीबीचा क्रमांक, बॅच, सगळं असतं आणि पक्कं बिल येतं. हाताला मऊ, थोडा पावडर लावल्यासारखा लागतो, आवाज कमी करतो. गोदामात जुना झाला की पिशवी कडेने आपोआप फाटायला लागते, म्हणून आम्ही जास्त साठा ठेवत नाही. दुसरा माल ‘बायो’ म्हणून येतो. कच्ची चिठ्ठी, गठ्ठ्यावर फक्त मापं. भावात जमीन-अस्मानाचा फरक. किरकोळ विक्रेता अर्थातच दुसरा मागतो, कारण त्यावरही हिरवा रंग आणि पान आहेच.

मी दुसरा माल ठेवणं बंद केलं. गिऱ्हाईक शेजारी गेलं. दोष शेजाऱ्याला देत नाही मी. जोपर्यंत खऱ्या आणि खोट्या मालाला तपासणीत एकच वागणूक मिळते तोपर्यंत खरा माल विकणाऱ्याचंच नुकसान होणार. एकदा तर तपासणीला आलेल्यांनी माझा प्रमाणित माल उचलला, कारण "प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक". कागद दाखवून सोडवून आणेपर्यंत सीझन गेला.

आमची मागणी साधी आहे. चालतं काय आणि चालत नाही काय, हे मराठीत एका पानावर लिहून द्या आणि सगळ्या विभागांत तेच लावा. पंचवटीत एक आणि सिडकोत दुसरं असं नको.


निवृत्त निरीक्षक

मी नाशिकमध्ये नव्हतो, राज्यातल्याच दुसऱ्या एका महापालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पॅकिंगवाल्यांचं म्हणणं मला पटतं. तरी समोरची बाजूही सांगतो.

२३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदी आली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा आमचं काम कष्टाचं होतं, पण स्पष्ट होतं. पिशवी दिसली, पंचनामा केला, पावती फाडली. वाद व्हायचा तो ‘गरिबाच्या पोटावर का मारता’ याचा. पिशवी कशाची आहे याचा वाद नसायचा.

कंपोस्टेबलचं लेबल आल्यावर तो स्पष्टपणा गेला. विक्रेता प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून दाखवतो. त्यावर कंपनीचं नाव एक, पिशवीवर दुसरं, किंवा पिशवीवर काहीच नाही. मी उभा रस्त्यात. मागे बाजार खोळंबलाय, चार कार्यकर्ते जमलेत. पिशवी हातात घेऊन ती पीएलएची, म्हणजे कुजणाऱ्या प्लास्टिकची, की पॉलिथिनची हे मी कसं सांगू? माल जप्त केला आणि तो खरा निघाला तर माझ्यावर तक्रार. सोडला आणि खोटा निघाला तर ‘निरीक्षक मॅनेज झाला’. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तर पत्रव्यवहार, खर्चाची मंजुरी, आणि अहवाल येईपर्यंत माल विभागीय कार्यालयाच्या जिन्याखाली.

म्हणून महापालिकांच्या आरोग्य आणि घनकचरा विभागांत काम करणाऱ्या बहुतेकांना मनापासून वाटतं की सवलती नकोत. सरसकट बंदी अंमलात आणायला सोपी. यात आळस नाही. ज्याला दंडाच्या पावतीवर सही करायची असते, त्याला डोळ्यांनी ओळखता येईल असा नियम लागतो.


कापडीपिशवी

निरीक्षक साहेब, अगदी बरोबर. मग सरसकट बंदीच का नको? आमच्या बचत गटातल्या बायका जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतात. मेळ्यात लाखो लोक येणार, त्यांना ‘कुजणारं प्लास्टिक’ नावाची पळवाट द्यायचीच कशाला? लेबल हवं कशाला, वस्तूच नको.


अंबडची केमिस्ट

मी पॉलिमरमध्ये काम करते. लेबलामागे खरं शास्त्र आहे, आणि ते समजून घेतलं तर महापालिकेची अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं.

आपल्याकडे कंपोस्टेबलसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. प्रयोगशाळेत ५८ अंशांच्या आसपास तापमान ठेवलेल्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत निदान ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं लागतं. शिवाय १२ आठवड्यांनी कंपोस्ट २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलं तर वर मूळ वस्तूच्या १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. जड धातू आणि रोपांच्या उगवणीच्या चाचण्या वेगळ्या.

आता ५८ अंश म्हणजे काय ते बघा. घरच्या बादलीतल्या खतात एवढी उष्णता सलग टिकत नाही. गोदावरीच्या पाण्यात तर प्रश्नच नाही. पीएलएसारखं पॉलिमर साठेक अंशांच्या खाली फार हळू तुटतं. म्हणजे शंभर टक्के खरी, प्रमाणित पिशवी रामकुंडात गेली तरी त्या मोसमात ती पिशवीच राहणार, गटारीच्या जाळीत अडकणार, गायीच्या पोटात जाणार. लेबल खरं असलं तरी ते नदीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणूनच ‘केवळ औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये’ हे शब्द पिशवीवर सर्वांत मोठे हवेत.

तिसरा एक प्रकार आहे, ऑक्सो-डिग्रेडेबल. साध्याच पॉलिथिनमध्ये लोह, मँगनीज, कोबाल्ट यांचे क्षार घालतात. ऊन-वाऱ्यात त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि ते दिसेनासे झाले की विक्रेता म्हणतो ‘कुजलं’. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात अशा मालावर बंदी घातली. आपल्याकडे २०२४ ला बायोडिग्रेडेबलची व्याख्या बदलताना मागे सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये हे घातलं, ते याचसाठी.

निरीक्षकांच्या प्रश्नाला उत्तर: रस्त्यावर ओळखायची खात्रीची युक्ती नाही. पाण्यात टाकून बघतात लोक. शुद्ध पॉलिथिन तरंगतं, पीएलए आणि पीबीएटी ही कंपोस्टेबल मालातली पॉलिमरं जड असल्याने बुडतात. पण पॉलिथिनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळली की तेही बुडतं, आणि स्वस्त मालात ती मिसळलेली असतेच. जाळून वास घेणं तर करूच नका. प्रयोगशाळेत मात्र काम सोपं आहे. डायक्लोरोमिथेनमध्ये पीएलए, पीबीएटी विरघळतात, पॉलिथिन विरघळत नाही. इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणाऱ्या एफटीआयआर यंत्रावर तुकडा ठेवला तर काही मिनिटांत पॉलिमर कोणतं ते कळतं. १८० दिवसांची चाचणी प्रमाणपत्र देताना लागते. खोटेपणा पकडायला ती लागत नाही.

हे यंत्र आपल्या शहरातल्या फार्मसी कॉलेजांत असतं. सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. महापालिकेने एखाद्या कॉलेजशी करार करून आठवड्याला नमुने दिले तर जिन्याखाली माल कुजत पडणार नाही.

कापडीपिशवी ताई, हाती घेऊन जायच्या पिशवीबाबत मी तुमच्याच बाजूची आहे. पण हॉटेलचा ओला कचरा गोळा करायला अस्तर लागतं, तिथे कापड चालत नाही. तिथे कंपोस्टेबलला जागा आहे, आणि ती जागा सोडून ते बाकी सगळीकडे विकलं जातंय हे दुखणं आहे.


गिरणारेकर

शहरातल्या पिशवीचं चाललंय, मी शेतातलं सांगतो. टोमॅटोला आम्ही मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचं पातळ प्लास्टिक, अंथरतो. साधा पेपर काढायला मजूर लागतो आणि तरी तुकडे राहतात. म्हणून मधे ‘बायो’ पेपर आला, काढायची गरज नाही, रोटाव्हेटर मारा म्हणाले. मारला. पुढच्या हंगामाला नांगरटीत चकचकीत चिंध्या वर. अजूनही पहिला पाऊस झाला की बांधाला अडकलेल्या दिसतात. रोलवर लेबल होतं, पण किती दिवसांत, कशात, ते नव्हतं.

केमिस्ट बाईंनी ५८ अंशांचं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. माझी माती ५८ अंश कधी होणार? शेतकऱ्याला ‘कंपोस्टेबल’ नको, ‘मातीत इतक्या दिवसांत’ असं लिहिलेलं हवं. २०२४ च्या नियमात ते असेल तर दुकानात बिल फाडताना आम्ही तेच विचारू. पण आमच्याकडे ग्रामपंचायतीला यातलं कोण विचारतो? महापालिकेकडे निरीक्षक तरी आहे. ग्रामसेवकाकडे एवढी कामं आहेत की मल्चिंगच्या रोलवरचं लेबल तो बघणार नाही.


शालीमारचा वकील

कायद्याचा एक धागा निसटतोय, तो पकडतो.

राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत कंपोस्टेबल पिशवीला सूट होती ती रोपवाटिका, फळबाग, शेती आणि घनकचरा हाताळणी यांपुरती. त्यावर केवळ त्याच कामासाठी वापरायची असं ठळक छापायची अट होती. भाजीची, हाराची, मिठाईची पिशवी त्या सवलतीत नव्हती. २०२२ च्या अखेरीस राज्याने सवलत वाढवली ती स्ट्रॉ, ताटं, कप, पेले, काटे-चमचे, डबे अशा एकदा वापरायच्या कंपोस्टेबल वस्तूंना, तीही सिपेट आणि सीपीसीबीच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. म्हणजे केंद्राच्या नियमाप्रमाणे पिशवीवरचं लेबल बिनचूक असलं तरी राज्यात ती पिशवी त्या कामाला चालतेच असं नाही. लेबल वस्तूबद्दल बोलतं, सवलत वापराबद्दल. विक्रेते आणि निरीक्षक दोघांचा गोंधळ होतो तो इथे.

दुसरं, भाषा. २०१६ च्या मूळ नियमात पिशवीवरची माहिती इंग्रजीत छापावी असंच आहे. फुलवाल्या मावशींनी रंगावरून ठरवलं, कारण वाचण्यासारखं त्यांच्यासाठी काही ठेवलंच नाही. १ जुलै २०२५ पासून ही माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडमधून द्यायलाही मुभा मिळाली. निरीक्षकाच्या मोबाइलला त्याचा उपयोग आहे. गाड्यावरच्या माणसाला अजिबात नाही.

तिसरं, अधिकार. लेबलाचा मजकूर ठरवायचा अधिकार महापालिकेला नाही. उत्पादकावरची कारवाई सीपीसीबी आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची, म्हणजे एमपीसीबीची. महापालिकेच्या हातात विक्री आणि वापर. त्यामुळे ‘महापालिकेने मराठी लेबल सक्तीचं करावं’ अशी मागणी केलीत तर फाईल त्याच कारणाने परत येईल. मराठीचा आग्रह राज्याच्या पर्यावरण विभागाकडे धरा.

नागरिकाला एक रस्ता थेट मोकळा आहे. १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको फ्रेंडली’ असं मोघम लिहायचं तर त्याला पुरावा आणि स्पष्टीकरण द्यावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पिशवीचा फोटो आणि दुकानाचं बिल ठेवा.


मूळची सिडकोची

मी सिडकोत वाढले, आता कॅलिफोर्नियात राहते. इथे हा वाद बराच आधी झाला, म्हणून लिहिते.

२०१३ पासून इथे कुठल्याही प्लास्टिकच्या वस्तूवर ‘बायोडिग्रेडेबल’, ‘डिग्रेडेबल’ असे शब्द छापून विकायला बंदी आहे. शब्दच बाद. कंपोस्टेबल लिहायचं तर ठरलेलं मानक पाळायचं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की अंमलबजावणी स्थानिक पातळीवरून होते. काउंट्यांचे सरकारी वकील एकत्र येऊन दावा लावतात. २०१७ मध्ये अशाच लेबलांवरून वॉलमार्टने कॅलिफोर्नियातल्या २३ सरकारी वकिलांशी तडजोड केली आणि दहा लाख डॉलरच्या जवळपास रक्कम भरली. २०२१ च्या कायद्याने आणखी एक अट घातली की कंपोस्टेबल वस्तू साध्या प्लास्टिकपासून सहज वेगळी ओळखू यायला हवी.

पण इथेही सगळं गोड नाही. शेजारच्या ओरेगन राज्यातल्या खत प्रकल्प चालवणाऱ्यांनी २०१९ मध्ये जाहीर निवेदन काढलं, आम्हाला कंपोस्टेबल पॅकिंग नको म्हणून. खऱ्याबरोबर खोटं येतं, निवडण्यात वेळ जातो, खताची प्रत उतरते. कागदावर कुजणारी वस्तू त्यांच्या ढिगात त्यांच्या वेळापत्रकात कुजत नव्हती.

वॉशिंग्टन राज्याचा २०१९ चा कायदा तुमच्या फुलवाल्या मावशींसाठीच केल्यासारखा आहे. जी पिशवी कंपोस्टेबल नाही, तिला हिरवा, तपकिरी, मातकट रंग द्यायलाच मनाई. अक्षर वाचता येवो न येवो, रंग खोटं बोलणार नाही याची काळजी कायद्याने घेतली.


गोदाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं खोलात जाईल वाटलं नव्हतं.

रंगाचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. आपल्या बाजारात लेबल म्हणजे रंगच. बाकी छपाई कोणी बघत नाही. साध्या प्लास्टिकला हिरवा रंग आणि पान वापरायला राज्याने बंदी घातली तर निम्मी फसवणूक छापखान्यातच थांबेल. आणि निरीक्षक साहेबांना हवा असलेला डोळ्यांनी ओळखता येणारा नियम तो हाच.

पण केमिस्ट बाईंचं वाचून दुसरी काळजी लागली. लेबल ज्या ठिकाणाकडे बोट दाखवतं ते ‘औद्योगिक कंपोस्टिंग’ नाशकात या पिशवीच्या वाट्याला येतं का? कोणी त्या बाजूने सांगेल?


निवृत्त निरीक्षक

मिश्र कचऱ्याच्या खत प्रकल्पांचा माझा अनुभव सगळीकडे सारखाच. गाडी रिकामी झाली की कचरा पट्ट्यावर, फिरत्या चाळणीत. हलकं, पातळ, फडफडणारं जे काही असेल ते सगळं एका बाजूला जातं आणि त्याचं आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचं इंधन, होऊन सिमेंट भट्टीकडे रवाना होतं. चाळणीला लेबल वाचता येत नाही. प्रमाणित पिशवी आणि साधी पिशवी एकाच गठ्ठ्यात बांधली जातात. पिशवी वेगळी डब्यात, वेगळ्या गाडीतून, वेगळ्या ढिगात गेली तरच त्या लेबलाला अर्थ. महापालिकेच्या नजरेतून बघाल तर लेबल हे नव्या प्रवाहाचं आश्वासन आहे, आणि त्या प्रवाहाचा खर्च कोणी दिलेला नाही.


अंबडची केमिस्ट

पाथर्डीच्या कचरा प्रकल्पाजवळ हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र करून गॅस काढायचा प्रकल्प जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी मदतसंस्थेच्या मदतीने उभा राहिला, ते आठवत असेल. अशा गॅसच्या टाक्या साधारण ३५ ते ४० अंशांवर चालतात, आणि आत हवा नसते. ‘कंपोस्टेबल’चं मानक हवेतल्या, गरम ढिगाचं. त्यामुळे हॉटेलवाल्याने प्रामाणिकपणे महागडी प्रमाणित पिशवी घेऊन त्यात खरकटं भरून पाठवलं, तरी टाकीत जाण्याआधी ती फोडून बाजूला काढावी लागते. हे हॉटेलवाल्याला आधी सांगायला हवं. कोणती पिशवी कुठल्या प्रकल्पात चालते हे शहरागणिक बदलतं, आणि ते फक्त महापालिकाच सांगू शकते. केंद्राच्या लेबलात ही माहिती कधीच बसणार नाही.


शालीमारचा वकील

यातूनच मार्ग निघतो. महापालिकेला लेबल लिहायचा अधिकार नाही, पण ती स्वतः मोठी गिऱ्हाईक आहे आणि परवानगी देणारीही. सिंहस्थात अन्नछत्रं, स्टॉल, पार्किंगमधली उपाहारगृहं यांना जागा द्यायची तर अटी घालता येतात. कचऱ्याच्या पिशव्यांची निविदा काढायची तर ‘सीपीसीबी प्रमाणपत्र क्रमांक प्रत्येक नगावर छापलेला, पुरवठ्याच्या प्रत्येक बॅचचा नमुना तपासणार, नापास झाल्यास देयक रोखणार’ हे लिहिता येतं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एखाद्या महापालिकेचं लेबलाबद्दलचं खरं मत तिच्या भाषणांत शोधू नका, निविदेच्या अटींत शोधा.


पॅकिंगवाला

वकील साहेबांच्या सूचनेला जोरदार पाठिंबा. मोठी खरेदी प्रमाणित मालाची झाली तर भावही खाली येईल. नमुना तपासायचा असेल तर माझ्या गोदामातून कधीही उचला, माझी हरकत नाही. फक्त बिल नसलेल्या मालाच्या गोदामातूनही उचला.


कापडीपिशवी

मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे, भाविकाच्या हातात कापडी किंवा कागदीच. द्रोण-पत्रावळी आहेत, सुरगाणा-पेठकडच्या बायका पळसाच्या पानांच्या लावतात, त्यांना काम मिळू द्या. पण कचऱ्याच्या अस्तराचा अपवाद मला समजला. निवेदनात दोन्ही वेगळं लिहिणार असाल तर आमचा गट सही करेल.


गोदाकाठचा

हो, वेगळंच लिहू. मसुदा असा करतोय.

महापालिकेकडे: हातात द्यायच्या पिशवीला कंपोस्टेबल लेबलच्या आधारे सूट नाही हे सहाही विभागांत मराठी फलक लावून जाहीर करावं. कचऱ्याच्या अस्तरासाठी आणि ताट-पेल्यांसाठी कोणता माल चालेल, त्यावर काय छापलेलं असायला हवं, हे एका पानावर फोटोसकट द्यावं. नमुना तपासणीसाठी स्थानिक कॉलेजशी करार करून निकाल संकेतस्थळावर टाकावेत. शहरातल्या कुठल्या प्रकल्पात कंपोस्टेबल वस्तू खरोखर खतात जाते आणि कुठे बाजूला काढली जाते, ते स्पष्ट लिहावं. सिंहस्थाच्या निविदा आणि परवान्यांत वकिलांनी सांगितलेल्या अटी घालाव्यात.

राज्याच्या पर्यावरण विभागाकडे: लेबल मराठीतही हवं, आणि कंपोस्टेबल नसलेल्या पिशवीला हिरवा रंग व पानाचं चित्र वापरायला मनाई. गिरणारेकरांचा मल्चिंग पेपरचा मुद्दा यातच घालतोय, कारण तो महापालिकेच्या हद्दीबाहेरचा आहे.

काही राहिलं असेल तर रविवारपर्यंत सांगा.


गिरणारेकर

मल्चिंगच्या मुद्द्याची प्रत कृषी विभागालाही द्या. रोल त्यांच्या अनुदानातून घेतले जातात, अनुदानाच्या यादीत आलं की कंपन्या लगेच ऐकतात.


निवृत्त निरीक्षक

मसुदा चांगला आहे. आयुक्तांच्या नावे द्या, पण प्रत घनकचरा व्यवस्थापन विभागाला स्वतंत्र द्या, नाहीतर आवक-जावकमध्ये फिरत राहील. एमपीसीबीच्या प्रादेशिक कार्यालयालाही एक प्रत, कारण उत्पादकावर कारवाई तेच करणार. आणि सोबत पिशव्यांचे नमुने जोडा. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी लावा: कुठल्या बाजारात, कुठल्या तारखेला, काय सांगून दिली. पोच घेताना चिठ्ठ्यांसकट शिक्का मारून घ्या.